इंधनाचे माप : घरी बांधलेल्या विमानातील रोटरी इंजिन

प्रस्तावना

२९ मार्च २००९ च्या रविवारी पहाटे कर्नाटकातील कोलारजवळून ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान उडाले. सुमारे १.८ किलोमीटर उंची गाठून ते ३५ मिनिटे तिथे फिरत राहिले आणि एकूण ४० मिनिटांच्या उड्डाणानंतर एका कोरड्या तलावाच्या पात्रात सुखरूप उतरले. निशांत त्याआधीही उडत होते, पण परदेशी इंजिनाच्या जोरावर. त्या पहाटे त्याला उडवणारे वांकेल जातीचे रोटरी इंजिन भारतात आखलेले आणि भारतातच घडवलेले होते. ताकद ५५ अश्वशक्ती, वजन साधारण ३० किलो. इंजिनाचा गाभा बंगळूरच्या एनएएल या प्रयोगशाळेने घडवला. विमानाची बाजू आणि उड्डाणयोग्यतेच्या चाचण्या संरक्षण खात्याच्या एडीई या संस्थेने सांभाळल्या. प्रज्वलन आणि इंधन या दोन व्यवस्था अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत तयार झाल्या.

कामाची ही वाटणी वाचकाने नीट पाहावी. इंजिन घडवणे हे एक काम आणि त्याला योग्य क्षणी योग्य तेवढे इंधन देणे हे दुसरे, तितकेच मोठे काम. देशातल्या नामवंत संस्थांनीही ते वेगळे काढून त्यातल्या जाणकारांकडे सोपवले. मराठी माणसाला या गोष्टीचा अभिमान वाटायला हरकत नाही, पण अभिमानापेक्षा तिच्यातला धडा अधिक मोलाचा आहे. घरी विमान बांधणाऱ्याच्या हाताशी तीन संस्था नसतात. गाभा, विमान आणि इंधन या तिन्ही जबाबदाऱ्या एकाच टेबलावर, बहुधा एकाच माणसापुढे येऊन पडतात. त्यांपैकी तिसरीबद्दल मराठीत सलग वाचायला मिळत नाही, म्हणून ही पुस्तिका.

तिचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : इंधनाचा तक्ता, म्हणजे इंजिनाला कोणत्या स्थितीत किती इंधन द्यायचे याचे आकडे, उसना मिळत नाही. दुसऱ्याच्या विमानात उत्तम चालणारे आकडे तुमच्या विमानात फार तर सुरुवात म्हणून उपयोगी पडतात. हवा, इंधन, प्रोपेलर, धुराड्याचा पाइप, तारांची जोडणी यांतले काहीही बदलले की माप बदलते. ते आपल्याच यंत्रावर, आपल्याच हाताने, मोजून बसवावे लागते. पुढची सगळी प्रकरणे हे मोजणे कसे करायचे याविषयी आहेत.

आधी इंजिनाविषयी थोडे. वांकेल इंजिनात पिस्टन नाही आणि झडपाही नाहीत. मधोमध किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. रोटरची एक फेरी होईतो शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात आणि शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एक धक्का देतो. नेहमीच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरकडून तो धक्का दोन फेऱ्यांतून एकदाच मिळतो. हलणारे भाग कमी, थरथर कमी आणि वजनाच्या मानाने ताकद भरपूर, हे या इंजिनाचे गुण. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन जर्मनीच्या एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चालले. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची मोटार बाजारात आणली, आणि १९९१ मध्ये माझदाच्याच चार रोटरच्या गाडीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. घरी विमान बांधणारे लोक जगभर ज्या रोटरी इंजिनाकडे वळले ते मुख्यतः माझदाचे १३बी : ६५४ सीसीचे दोन रोटर, एकूण १,३०८ सीसी. पहिल्या महायुद्धातील विमानांवरही ‘रोटरी’ नावाची इंजिने असत, पण त्यांत सिलिंडरांसकट सगळे इंजिनच प्रोपेलरबरोबर फिरे. तो प्रकार वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.

या इंजिनाच्या दोन अडचणी इंधनाशी थेट जोडलेल्या आहेत. पहिली उष्णतेची. धुराड्यातून निघणारा वायू पिस्टन इंजिनाच्या मानाने फार तापलेला असतो, पूर्ण ताकदीवर नऊशे अंश सेल्सियसच्या पुढे जातो. त्यामुळे इंजिनाच्या झाकणाखाली इंधनाच्या नळ्या आणि पंप तापतात. दुसरी अडचण रोटरच्या तीन टोकांवर बसणाऱ्या एपेक्स सीलची. या पट्ट्याच एका कप्प्यातला दाब दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. मिश्रण लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडले, आणि त्याच वेळी ताकद पूर्ण असली, तर इंधन शांतपणे जळण्याऐवजी फटका मारून जळते. असे फटके बसले की सील तडकते. रोटरी इंजिन एरवी कमी ऑक्टेनचे पेट्रोल सहन करते आणि बराच मार खाऊनही चालत राहते. या एका बाबतीत मात्र त्याची क्षमा करण्याची तयारी नसते.

इंधन फवारून देण्याच्या व्यवस्थेत, म्हणजे इंजेक्शनमध्ये, प्रत्यक्षात काय घडते, ते एकदा अगदी जवळून पाहू. समजा १३बी इंजिन सुमारे १६० अश्वशक्ती देत मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चालले आहे. मधल्या गिअरपेटीमुळे प्रोपेलर त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो. शाफ्टच्या एका फेरीला १० मिलिसेकंद लागतात. तासाला साधारण ४५ ते ५० लिटर पेट्रोल जाते, म्हणजे एका फेरीत एका रोटरच्या वाट्याला सुमारे ०.०७ मिलिलिटर, जेमतेम दीड थेंब. तो दीड थेंब मोजून देण्याचे काम इंजेक्टरची सुई करते. इंजेक्शन चालवणारा संगणक तिला काही मिलिसेकंद उघडी राहायला सांगतो. पण विजेचा आदेश मिळाल्यापासून सुई प्रत्यक्ष उचलली जाईपर्यंत साधारण एक मिलिसेकंद वायाच जातो, आणि तो किती वाया जाईल हे बॅटरीच्या व्होल्टेजवर ठरते. व्होल्टेज १४ असताना जो उशीर एक मिलिसेकंद आहे, तो व्होल्टेज ११ वर आले की दीड होऊ शकतो. आदेश चार मिलिसेकंदांचा असेल तर इंधन तीनऐवजी अडीच मिलिसेकंदच पडते, म्हणजे सहावा हिस्सा कमी. अल्टरनेटर बंद पडलेला वैमानिक विजेच्या काळजीत असतो, आणि नेमके तेव्हाच त्याचे इंजिन गुपचूप लीन होत जाते. ज्या संगणकात या उशिराची दुरुस्ती प्रत्यक्ष मोजून भरलेली नाही, त्याच्यावर विमान सोपवू नये. ही दुरुस्ती जमिनीवरच, अल्टरनेटर बंद ठेवून आणि बॅटरी उतरू देऊन कशी तपासायची, ते तिसऱ्या प्रकरणात दिले आहे.

सुईच्या पाठीमागचा दाबही तितकाच महत्त्वाचा. रेग्युलेटर इंधनाच्या नळीत साधारण तीन बार दाब ठेवतो, पण तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजलेला नसतो. हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या तुलनेत तो तीन बार असतो. त्यासाठी रेग्युलेटरपासून मॅनिफोल्डपर्यंत एक बारीक रबरी नळी जाते. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमधला दाब उतरतो, रेग्युलेटरही तेवढाच उतरतो, आणि सुईच्या दोन बाजूंमधला फरक कायम राहतो. ती नळी निसटली किंवा उन्हाने चिरली तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन ठीक वाटते आणि वेग कमी करताच मिश्रण भलतेच रिच होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त पडून, इंजिन अडखळू लागते. धावपट्टीकडे उतरताना असे होणे ही साधी गैरसोय नव्हे. म्हणून तक्त्याला हात लावण्याआधी नळ्या तपासाव्यात, हा क्रम पुस्तिकेत शेवटपर्यंत पाळला आहे.

आता हवेकडे येतो. हे मी वाराणसीत, राजा घाटावर बसून लिहितो आहे. अमृतराव पेशव्यांनी दगडात बांधून काढलेला हा घाट, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरे. हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ८० मीटरवर आहे. अहिल्यानगर सुमारे ६५० मीटरवर, आणि निशांतने गाठलेली उंची १.८ किलोमीटर. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने ८० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत एक टक्काही कमी होत नाही. ६५० मीटरवर ती सुमारे सहा टक्क्यांनी आणि १.८ किलोमीटरवर सुमारे सोळा टक्क्यांनी उतरते. हवा सोळा टक्के कमी झाली आणि इंधन तेवढेच राहिले, तर मिश्रण किती रिच होईल याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील.

पण उंची न बदलताही हवा बदलते. जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी या घाटावर पारा ८ अंशांपर्यंत उतरतो आणि मेच्या दुपारी ४४ पर्यंत चढतो. पायरी तीच, नदी तीच, पण मेमधली हवा जानेवारीच्या मानाने सुमारे ११ टक्के विरळ असते. थंडीत बसवलेला तक्ता उन्हाळ्यात तसाच चालेल, अशा समजुतीवर कोणी राहू नये. संगणकाला हवेचे तापमान सांगणारा सेन्सर इंजिनाच्या झाकणाखालच्या गरम हवेत बसवला तर तो इंजिनाचे तापमान सांगतो. तो हवा आत येण्याच्या मार्गात, वाहत्या हवेतच बसवावा. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. उंचावर मॅनिफोल्डमधला दाब जमिनीवरच्या एखाद्या नोंदीइतकाच असला, तरी धुराड्याबाहेरचा दाब कमी झालेला असतो. जळलेला वायू अधिक मोकळेपणाने बाहेर पडतो, आत ताज्या हवेला जागा होते आणि इंधन थोडे जास्त लागते. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असावा, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे.

इंधनाचा प्रश्न आज भारतात विशेष जवळचा झाला आहे, कारण पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला ती साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे त्याच हवेसाठी इंधन सुमारे आठ टक्के जास्त द्यावे लागते. परदेशातल्या शुद्ध पेट्रोलवर बसवलेला तक्ता इथे तसाच उचलला, तर विमान पहिल्या दिवसापासून आठ टक्के लीन. आणि लीन म्हणजे एपेक्स सीलवर घाला, हे वर आलेच आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि काही जातींचे रबर व टाकीच्या सांध्यांना लावलेला लेप बिघडवते, म्हणून टाकी आणि नळ्या निवडतानाच इंधन ठरलेले असावे. विमानांसाठीचे एव्हगॅस १००एलएल घ्यायचे तर अडचण वेगळी. त्यात शिसे असते, आणि धुराड्यात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर शिशाने हळूहळू निकामी होतो. माप बसवताना ज्याच्यावर विसंबायचे, तेच उपकरण खोटे बोलू लागते. ज्या इंधनावर उडायचे त्यावरच तक्ता बसवावा, आणि ते शिसेयुक्त असेल तर सेन्सर ठरावीक तासांनी बदलण्याची तयारी ठेवावी.

तक्ता म्हणजे काय हेही इथेच सांगतो. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या रकान्यात मॅनिफोल्डमधला दाब, आणि प्रत्येक घरात इंधनाचा एक आकडा. नवख्याला वाटते की जमिनीवर विमान बांधून ठेवून, थ्रॉटल खालपासून वरपर्यंत नेत सगळी घरे भरता येतील. तसे होत नाही. ठरावीक कोनाच्या प्रोपेलरवर थ्रॉटलच्या एका जागी एकच वेग मिळतो, त्यामुळे जमिनीवर इंजिन तक्त्यातून एका तिरक्या रेषेवरून चालत जाते आणि बाजूची घरे कोरी राहतात. हवेत चित्र पालटते. १.८ किलोमीटरवर बाहेरचा दाबच साडेएक्याऐंशी किलोपास्कलच्या आसपास असतो, तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही दाब कमी आणि फेरे जास्त अशी घरे समोर येतात, जी जमिनीवर कधी दिसलेलीच नसतात. खाली झेपावताना फेरे आणखी वाढतात. ही घरे आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने, मुद्दाम थोडी रिच भरावीत आणि मग हवेत एकेक करून दुरुस्त करावीत. १३बी इंजिनात प्रत्येक रोटरला दोन, असे चार इंजेक्टर असतात. मंद चालीत दोनच काम करतात आणि भार वाढला की उरलेले दोन सामील होतात. ते सामील होण्याचा क्षण नेमका कुठे येतो हे वैमानिकाला पाठ असले पाहिजे. तो क्षण उड्डाण घेताना किंवा उतरताना नेहमी वापरायच्या वेगावर येऊ देऊ नये, कारण तिथे माप जरा चुकले तरी इंजिन धक्का खाते.

राजा घाटाखालून दिवसभर इंजिनाच्या नावा जातात. अलीकडच्या वर्षांत त्यांतल्या बऱ्याच डिझेलवरून सीएनजीवर आल्या. मधल्या धारेत इंजिन बंद पडले तर नावाडी वल्हे हाती घेतो. विमानात वल्हे नसते. म्हणून इंजेक्शनच्या विमानात जे एकट्यावर अवलंबून आहे त्याची जोडी हवी. कार्ब्युरेटरवाल्या विमानात उंचावरच्या टाकीतून पेट्रोल आपसूक खाली येऊ शकते. इंजेक्शनमध्ये विजेवरचा पंप थांबला की इंजिन थांबते. म्हणून दोन पंप, प्रत्येकाची तार, फ्यूज आणि स्विच वेगळा, दोन बॅटऱ्या, आणि शक्यतो संगणकही दोन, एकातून दुसऱ्यावर एका बटणाने जाता येईल असे. प्रत्येक रोटरला दोन प्लग मुळातच असतात. ते दोघे एकाच विद्युतपुरवठ्यावर टांगले, तर इंजिनाने आयती दिलेली जोडी आपण वाया घालवली असे होईल. वापरून उरलेले इंधन टाकीत परत नेणारी नळी हा याच विषयाचा भाग. ती इंधन फिरते ठेवते, त्यामुळे नळीत वाफ साचत नाही. पण दोन पंखांत दोन टाक्या असतील तर इंधन ज्या टाकीतून निघाले त्याच टाकीत परतले पाहिजे. नाहीतर एक टाकी अपेक्षेआधी रिकामी होते आणि दुसरी भरून वाहते.

घरी विमान बांधणे महाराष्ट्रात स्वप्नापुरते राहिलेले नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि धुळ्याच्या धावपट्टीवर ते चाचण्यांसाठी गेले. त्यांचे विमान पिस्टन इंजिनाचे. पण त्यांच्या वाटचालीतून रोटरीवाल्यानेही एक गोष्ट घ्यावी : कागद आणि यंत्र दोन्ही बरोबर चालवावे लागतात. परवाना देणारा अधिकारी तुम्हाला विचारणार तो प्रश्न आणि तुमचे इंजिन तुम्हाला विचारणार तो प्रश्न एकच असतो : हा आकडा कुठून आला? उत्तर वहीत असेल तर दोघांचेही समाधान होते.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या दोन प्रकरणांत नळ्या, पंप, टाक्या आणि तारा. तिसऱ्यात इंजेक्टर मोजणे आणि व्होल्टेजची दुरुस्ती. चौथ्यात जमिनीवरची पहिली सुरुवात, मंद चाल आणि तक्त्याची तिरकी रेषा. पाचव्यात इंजेक्टरांच्या दुसऱ्या जोडीचे सामील होणे. सहाव्यात हवेतली दुरुस्ती, सातव्यात बिघाडांचा सराव. घाई असलेल्याने सातवे प्रकरण आधी वाचावे. पंप, संगणक आणि अल्टरनेटर एकेक करून मुद्दाम बंद करून इंजिन कसे वागते हे जमिनीवर पाहिल्याशिवाय सहाव्या प्रकरणाला हात घालू नये. गॅरेजात रोज कानावर पडणारे शब्द मी तसेच ठेवले आहेत. ओळखीच्या शब्दांत सांगितलेले काम हातून कमी चुकते.

वाचकाकडे माझे मागणे एवढेच आहे. तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या दिवशी, कोणत्या तापमानाला, किती उंचीवर आणि कोणत्या इंधनावर मोजला ते लिहावे. ज्या आकड्यासमोर हे लिहिता येत नाही तो अजून अंदाज आहे असे समजावे. आणि अंदाजाच्या भरवशावर उडायचे तर धावपट्टीपासून तेवढेच दूर जावे, जेवढ्या अंतरावरून इंजिन बंद पडले तरी तरंगत परत येता येईल. अंदाज मोजमापात बदलत जातील तसे हे अंतर वाढवत न्यावे. ते किती वाढवायचे हे हौसेने ठरवू नये, वहीतल्या नोंदींनी ठरवावे.

राजा घाट, वाराणसी